पावसाळी ट्रेकला लहान मुलांचं वॉटरफॉल रॅपलिंग ठेवावं का? नियम काय आहेत?

घाटवाट_डोंबिवली:
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या मंडळातर्फे दर जुलैत मुलांचा ट्रेक काढतो, 10 ते 15 वयाची पस्तीसेक पोरं आणि आम्ही सहा-सात मोठे. आजवर लोहगड, राजमाची असलंच केलंय. यंदा कमिटीत एकाने टूम काढली की कसाऱ्याजवळच्या विहीगावला वॉटरफॉल रॅपलिंग (धबधब्यातून दोरीच्या आधाराने खाली उतरणं) करूया, एक ग्रुप माणशी 900 मध्ये गिअर, इन्स्ट्रक्टर, जेवण सगळं देतोय म्हणे. पालकांकडून 'स्वतःच्या जबाबदारीवर' असा फॉर्म भरून घेतला की आपण मोकळे, असं सेक्रेटरींचं म्हणणं. मला ते पटत नाहीये, पण नियम माहीत नाहीत म्हणून नुसताच विरोधाला विरोध करतोय असं चित्र झालंय. कुणी सांगेल का?

दोरखंड:
रॅपलिंग वाईट नाही हो, पण 900 रुपयात 35 पोरं एका दिवसात उतरवायची म्हणजे काय होतं ते वरती उभं राहून बघितलंय मी, रांग लागते, दुपारी तीननंतर सगळ्यांना घाई आणि मग चेकिंग गळतं. त्या ग्रुपला एवढंच विचारा की मुलाला रॅपलच्या दोरीशिवाय वेगळी बिलेची दोरी (घसरला तर धरून ठेवायची सुरक्षेची दोरी) आहे का आणि ती कोण धरणार. दोन्ही दोऱ्या एकाच झाडाला किंवा एकाच बोल्टला असतील तर सरळ नाही म्हणा. दुसरं म्हणजे पोरगं मधेच अडकलं तर वरूनच दोर सोडून त्याला खाली घेता येईल असा अँकर (वर दोर बांधायचा आधार) लावलाय का. धबधब्यात हे फार महत्त्वाचं, कारण अडकलेल्याच्या तोंडावर पाणी पडत असतं, तिथे दहा मिनिटंसुद्धा खूप झाली. आणि अगदी बारक्या पोरांची कंबर भरलेली नसते, उलटं झालं की कमरेचा हार्नेस (दोरी अडकवायचे पट्टे) सटकतो, त्यांना फुल बॉडीच पाहिजे.
इन्स्ट्रक्टर 'उत्तरकाशीचा कोर्स केलाय' (तिथल्या गिर्यारोहण संस्थेचा) म्हणाला तर कुठला ते विचारा. बेसिक केलेला स्वतः चढू शकतो, शिकवायचा कोर्स वेगळा, त्याला एमओआय, म्हणजे मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणतात.

कायदेकानू:
फॉर्मचं सांगतो. पालकांनी सही केली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. मुलगा दगावला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागू शकतं, आधी जुन्या दंड संहितेच्या 304अ ला दोन वर्षं होती, आता पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फॉर्म घ्याच, पण त्यात दमा, फिट्स, ॲलर्जी, रक्तगट आणि घरचे दोन फोन नंबर घ्या, त्याचा खरा उपयोग तो.
शिवाय ऑगस्ट 2021 पासून राज्याचं साहसी पर्यटन धोरण आहे, असे उपक्रम पैसे घेऊन चालवणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. सर्टिफिकेट मागा, आणि विम्याची कॉपी. टाळाटाळ केली तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

जुनाखोंड:
आम्ही चपला घालून हरिश्चंद्रगड केलाय, कुणी विचारलं नव्हतं सर्टिफिकेट. कागदं मागून मागून पोरांना घरात मोबाईल घेऊन बसवा आता.

मुलुंडची_आई:
काका, चपला घालून तुम्ही स्वतः गेलात, दुसऱ्याची पस्तीस पोरं घेऊन नाही. मुरुडला 1 फेब्रुवारी 2016 ला पिकनिकला आलेले 14 कॉलेजचे विद्यार्थी बुडाले, ती तर मोठी मुलं होती.
माझ्या लेकीचं सांगते, ग्रुपचं नाव नको. रॅपल करताना तिची वेणी त्या दोरी ओवायच्या आठच्या आकाराच्या लोखंडात ओढली गेली, जितकी खाली सरकेल तितकी जास्त अडकत होती. वरचा मुलगा धीराचा होता, त्याने दुसऱ्या दोरीवर वजन घेतलं आणि खालून एकाने चढून केस कापले. दोन इंच केसांवर निभावलं. त्या दिवशी दुसरी दोरी नसती तर? तेव्हापासून केस हेल्मेटच्या आत, ओढणी, गळ्यातली दोरी, सैल टीशर्ट काही चालवून घेत नाही.

दोरखंड:
@मुलुंडची_आई, वेणीचं पर्फेक्ट सांगितलंत. अजून एक, ऊन असलं तरी वर घाटमाथ्यावर पाऊस झाला की खाली पाणी एकदम वाढतं, आधी गढूळ होतं, पालापाचोळा यायला लागतो. 30 जून 2024 ला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ती तर कसलं रॅपलिंगही करत नव्हती. पाण्याचा रंग बदलला की विषय संपला, पैसे भरलेत म्हणून थांबायचं नाही. आणि कलेक्टरचे बंदी आदेश आदल्या दिवशी बघा, पावसाळ्यात येतात ते.

घाटवाट_डोंबिवली:
सगळ्यांचे आभार. त्या ग्रुपला फोन केला, नोंदणीचं विचारल्यावर 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणाला आणि वेगळ्या दोरीचं विचारल्यावर 'पाण्यात गरज नसते'. रॅपलिंग कटाप. डिसेंबरात कोरड्या कड्यावर, 13 वरच्यांनाच आणि दहा-दहाच्या बॅचने करू असं कमिटीत ठरलंय, सेक्रेटरी फुगलेत पण जाऊ दे. जुलैत राजमाचीच, लोणावळ्याकडून. प्रत्येक पोराच्या गळ्यात शिट्टी द्यायचा विचार आहे, साधी दहा रुपयांची चालेल का?

दोरखंड:
आत वाटाणा असतो ती नको, भिजली की घुसमटते. बिनवाटाण्याची घ्या. आणि दोरी गळ्यात नको, सॅकच्या पट्ट्याला बांधा.