सांगोला मतदारसंघाचे जुने गाववार निकाल कुणाकडे आहेत का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयासाठी मी सांगोला विधानसभा मतदारसंघाचा मोठा नकाशा काढतोय. माण नदी निळ्या शाईने काढून झाली. आता गावं भरतोय, आणि तिथंच अडलोय.

२००८ च्या पुनर्रचनेनंतर पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी महसूल मंडळ (म्हणजे काही गावांचा गट) सांगोल्यात आलं. त्याआधी हद्द नेमकी कुठून जायची? म्हणजे १९७८ ची मतं आणि २०१४ ची मतं एकाच नकाशावर दाखवणं योग्य होईल का?

गणपतराव देशमुख १९६२ पासून अकरा वेळा इथून निवडून आले, तेही शेतकरी कामगार पक्षाकडूनच (शेकाप). दुष्काळी तालुक्याने एका माणसावर एवढा विश्वास टाकला, याचं मला फार अप्रूप आहे. पण मला जास्त खुणावतात ती त्यांच्या पराभवाची दोन वर्षं, १९७२ आणि १९९५. शहाजीबापू पाटलांनी १९९५ मध्ये जागा घेतली ती अवघ्या १९२ मतांनी! २०१९ लाही फरक ७६८ च. इतक्या कमी फरकात कुठलं गाव कुणीकडं झुकलं, हेच बघायचंय. आजोबांच्या वहीत पेन्सिलीने आमच्या केंद्राचे आकडे आहेत, पण बाकीच्या गावांचे नाहीत.

कुणाच्या घरी जुनी कात्रणं, मतमोजणीचे कागद किंवा मतदार यादीची मुखपृष्ठं असतील तर कृपया फोटो टाका. अस्पष्ट असले तरी चालतील.