'लॉट' : ढीग, वाटा की नशीब?

कृष्णाकाठ : अनुवाद करताना अडकले आहे. मजकूर एका अमेरिकन शेतमजुराचा. एकाच पानावर 'लॉट' तीनदा येतो : गाडी लावायची मोकळी जागा, लिलावातला माल आणि शेवटी 'हाच माझा लॉट'. तिसऱ्याला 'नशीब' लिहिलं, पण त्याने शब्द मुद्दाम एकच ठेवलाय. मराठीत तिन्हींना पुरेल असं काही?

हळदवाला, सांगली : यार्डात लॉट म्हणजे लॉटच. एका शेतकऱ्याची एका प्रतीची पोती एकत्र लावायची, पुढ्यात मूठभर हळकुंडं ओतायची. घेणारा एक मोडून आतला रंग बघतो नि मग बोलतो.

जुने मास्तर : खेप, थप्पी हे शब्द मेले का?

हळदवाला, सांगली : सर, खेप म्हणजे फेरी. आणि एका लॉटच्या दोन थप्प्या लागतात की!

वाईकरीण : मला तर 'लॉट' आपल्या 'लोट'मधूनच आलेला वाटतो. धुराचे लोट, पाण्याचे लोट.

कृष्णाकाठ : नाही हो ताई. जुन्या इंग्रजीत 'ह्लॉट' होता. कौल लावताना टाकायचा तुकडा. त्यावरून हिस्सा, हिश्शाची जमीन, दैव. 'पुष्कळ' हा अर्थ बराच नंतरचा.

माणदेशी : मग 'वाटा' घ्या ना! आमच्या वाटण्या चिठ्ठ्या टाकूनच झाल्या. तांब्यात चार चिठ्ठ्या, काढायला घरातलं सगळ्यात लहान पोर. आजोबांना ओढ्याकडचं मुरमाड वावर आलं. आजी मरेपर्यंत म्हणायची, "आमच्या वाट्याला मुरूमच." जमीनही तीच, नशीबही तेच. आणि मंडईत वांग्यांचे वाटे लावतात ते?

जुने मास्तर : शब्द अस्सल आहे, मान्य. पण 'वाटा' वाचून निम्म्यांना रस्ते आठवतील. आणि गाडी लावायच्या जागेला वाटा कोण म्हणतं?

माणदेशी : 'वाट्याला आलं' म्हटल्यावर रस्ता कुणाला आठवतो, मास्तर?

वाईकरीण : 'पुष्कळ'साठी आपलं 'पेव फुटणं' आहेच. ते हळदीच्या पेवावरूनच ना?

जुने मास्तर : धान्याच्या पेवावरून. हळदीचा काय संबंध?

हळदवाला, सांगली : संबंध नाही कसा? आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड लागायची नाही. 2005 च्या पुरात पाणी शिरलं आणि पेवंच्या पेवं गेली. तिथल्या माणसासमोर 'पेव फुटलं' म्हणून बघा.