शब्दचर्चा : मूल्यशिक्षण, संस्कार की चारित्र्यघडण?

बाराखडी : मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. यंदा आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या, सगळ्या शाळांच्या मूल्यशिक्षणाचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पुढच्या शिक्षण परिषदेत मांडणी करायची आहे, शिवाय पालकांना दिसेल असा एक फलक रंगवून घ्यायचा आहे. घोडं अडलंय नावावर. एक सर म्हणतात ‘संस्कारवर्ग’ लिहा, गावाला लगेच कळतं. मुख्याध्यापकांना ‘चारित्र्यघडण’ भारदस्त वाटतं. कागदोपत्री ‘मूल्यांची रुजवणूक’ असतं. यांत फरक काय, आणि कुठल्या शब्दाला कुठलं क्रियापद शोभतं?

शब्दवेल्हाळ : बाई, ‘चारित्र्य’ आधी बाजूला काढा. हिंदीतलं ‘चरित्र’ म्हणजे आपलं चारित्र्य. आपलं ‘चरित्र’ म्हणजे एखाद्याच्या आयुष्याची हकिकत. हिंदीवरून उतरवलेल्या पुस्तिकांत ‘चरित्र निर्माण’ दिसतं, ते वाचून वाटतं पोरं कुणाचं तरी चरित्र लिहायला बसलीत. पण खरी अडचण निराळी आहे. पुढाऱ्यांच्या भाषणातलं ‘राष्ट्रीय चारित्र्य’ सोडलं, तर हा शब्द आपल्याला भेटतो कुठे? नोकरी लागताना पोलीस पडताळणीत, नाहीतर ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ या बातमीत. लाच खाणाऱ्याला आपण भ्रष्ट म्हणतो, चारित्र्यहीन म्हणत नाही. ते विशेषण बाईसाठी राखून ठेवलंय. चौथीच्या वर्गाबाहेर असला शब्द कशाला?

कुसळ : मग ‘शील’? छोटा, जुना, देखणा शब्द आहे.

शब्दवेल्हाळ : देखणा खराच. पण तोही दोन तोंडांचा. ‘शीलरक्षण’, ‘शीलभ्रष्ट’ म्हटलं की पुन्हा बाईच आरोपीच्या पिंजऱ्यात. बौद्ध घरांत मात्र त्याचा अर्थ स्वच्छ राहिला आहे. पंचशील आणि ‘प्रज्ञा, शील, करुणा’ तिथल्या मुलांच्या कानावर लहानपणापासून असतं. आणि क्रियापद बघा : शील पाळायचं असतं. दुसऱ्यावर करता येत नाही.

कुसळ : संस्कार मात्र करतात. किंवा होतात. म्हणजे करणारा एक आणि निमूट बसून करून घेणारा दुसरा. मुंज, लग्न, अंत्यसंस्कार, सगळीकडे तेच. आयुर्वेदात औषधावरही संस्कार होतात. शब्द वाईट नाही, पण तो घरचा आहे. पोरगं चुकलं की ‘हेच संस्कार केले का आईबापानं?’ विचारतात, ‘हेच शिकवलं का शाळेनं?’ हा नंतरचा प्रश्न. शिवाय ज्याच्या-त्याच्या घरी, जातीत, धर्मात संस्कार वेगळे. सरकारी शाळेच्या भिंतीवर ‘संस्कार’ लिहिलं की कुणाचे, हे विचारावंच लागतं.

बाराखडी : हे पटलं. आमच्याकडे ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात असतात. आईबाप कारखान्यावर, आणि आम्ही फलकावर ‘संस्कार’ लिहिणार. तो वाचून त्या आजीला काय वाटेल?

टाचणवही : मी डी.एड.ला असताना पाठ टाचणात, म्हणजे धडा कसा शिकवणार त्याच्या लेखी आखणीत, गाभाघटक आणि मूल्यांसाठी एक रकाना असायचा. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातले, सगळ्या देशात शिकवायलाच हवेत असे दहा गाभाघटक आणि श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, सौजन्यशीलता वगैरे दहा मूल्यं, सगळं घोकून पाठ. भूगोलाचा पाठ असला की राष्ट्रीय एकात्मता, विज्ञानाचा असला की वैज्ञानिक दृष्टिकोन. रकाना भरला की मूल्य रुजलं! तेव्हापासून ‘रुजवणूक’ शब्द वाचला की हसू येतं. बी रुजतं, ते रुजवणाऱ्याच्या हातात फार नसतं. ‘बिंबवणे’ तर त्याहून वाईट, त्यात मूल म्हणजे नुसती कोरी पाटी.

शाळांत आणखी एक शब्द चालतो, ‘मूल्यवर्धन’. शांतिलाल मुथ्था फाउंडेशन या संस्थेने २००९ मध्ये बीड जिल्ह्यात या नावाने मूल्यशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते सरकारबरोबर राज्यभर गेलं. काम चांगलं, पण शब्द ऐकून मला आधी मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, आठवायचा. तरी ‘मूल्य’ या शब्दाची एक बाजू भक्कम आहे. न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता ही संविधानाची मूल्यं म्हणायची पद्धत पडली आहे. संविधानाचे संस्कार कुणी म्हणत नाही. शब्द थोडा कोरडा आहे, पण कुठल्याही एका घरचा नाही.

कुसळ : म्हणून माझं मत ‘मूल्यशिक्षण’लाच. तोंडी बोलताना मात्र ‘वळण’. मुलाला वळण लावतात, वळण लागतं, अक्षरालाही वळण असतं. रोज गिरवल्याशिवाय येत नाही, हे त्यात आपसूकच आलं.

बाराखडी : वळण वाईटही लागतं, त्यामुळे जबाबदारी कुणाची ते लपत नाही. एक पाहिलेलं सांगते. एका शाळेच्या व्हरांड्यात दहा मूल्यं ऑइलपेंटने रंगवलेली, त्यांत ‘स्त्री-पुरुष समानता’ ठळक निळ्या अक्षरांत. त्याच भिंतीखाली रोज सकाळी मुलीच झाडत होत्या. मुलगे घंटा वाजवायचे आणि झेंड्याची दोरी धरायचे. तिथल्या बाईंनी फलकाला हात लावला नाही. कामांच्या चिठ्ठ्या करून डब्यात टाकल्या आणि सोमवारी काढायला लावल्या. पहिल्या आठवड्यात झाडू आलेला एक मुलगा रुसून घरी गेला, आजोबा जाब विचारायला आले. चिठ्ठ्या मात्र चालूच राहिल्या. याला ‘शिकवणे’ म्हणायचं की ‘रुजवणे’, मला ठरवता येत नाही. परिषदेत शब्दांच्या आधी हेच मांडीन.

टाचणवही : ‘परिपाठ’ म्हणा की! ‘आमच्याकडे असा परिपाठ आहे’ म्हणजे अशी वहिवाट आहे. आपण त्याचा अर्थ प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार आणि दिनविशेष एवढ्यावर आणून ठेवला. झाडण्याच्या चिठ्ठ्या हा खरा परिपाठ.

बाराखडी : हे वापरते. फलकावर ‘मूल्यशिक्षण’ नक्की. जोडून लिहायचं ना?

शब्दवेल्हाळ : जोडूनच, सामासिक शब्द आहे. आणि पेंटरला कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या : ‘मू’ दीर्घ. दर दुसऱ्या शाळेत ‘मुल्य’ रंगवलेलं असतं.