मदत हवी आहे: १९ वर्षांच्या भावाला क्लबमधल्या शोला नेता येईल का?

मंडळी, इंडियन ओशन या बँडचा शो लोअर परळच्या एका छोट्या क्लबमध्ये आहे. आम्ही चाळीसगावहून येणार. मैदानातल्या कार्यक्रमात बँडमधल्या राहुल राम यांची बोटं बेस गिटारवर कशी फिरतात ते दिसतच नाही, आणि भावाला नेमकं तेच बघायचंय, तो बेस शिकतोय. पण तो १९ वर्षांचा, आणि तिकिटाच्या पानावर '२१ वर्षांवरील' लिहिलंय. क्लबला फोन केले, मेलही टाकला, उत्तर नाही. दारू घ्यायची नाहीये, आधार कार्ड सोबत असेल, मुक्काम कुर्ल्याला मावशीकडे, त्यामुळे परतीच्या गाडीची घाई नाही. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून आधीच विचारतोय. वडील बरोबर असले तर अशा ठिकाणी आत सोडतात, की दारावरूनच परत पाठवतात?