तोंडाला कायम वास: यंत्र नसताना निदान कसं करावं?

दंत_तालुका: क्लिनिकमध्ये गंधकयुक्त वायू मोजणारं यंत्र नाही. रुग्णाची तक्रार जुनी, हिरड्या वरवर ठीक. नाकावरच भिस्त ठेवायची तर क्रम काय ठेवावा? ऑनलाइन मिळणारे छोटे ब्रेथ चेकर कामाचे आहेत का? पोटाची एंडोस्कोपी कधी सांगावी?

हिरडीवाला: आधी रुग्णाची तयारी. बहुतेक निदानं इथेच फसतात: माणूस ब्रश करून, गुळण्या करून, वर बडीशेप चघळत येतो आणि आपण "वास नाही" लिहून मोकळे होतो. भेट सकाळची द्या. अँटिबायोटिक संपून तीन आठवडे झालेले हवेत. कांदा, लसूण, मसालेदार जेवण ४८ तास बंद. अत्तर, सुगंधी तेल २४ तास. खाणंपिणं, ब्रश, माउथवॉश, सिगारेट १२ तास. मधुमेही रुग्णाला मात्र उपाशी ठेवू नका. तंबाखू-मिश्रीबद्दल वेगळं विचारा, कारण पुष्कळांच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणंच. तपासणाऱ्यानेही त्या दिवशी चहा-कॉफी आणि परफ्यूम टाळावं.

मग तोंड एक-दोन मिनिटं मिटून ठेवायला सांगा आणि साधारण १० सेंटिमीटरच्या नळीतून सावकाश श्वास सोडायला लावा, दुसऱ्या टोकाला आपण हुंगून ० ते ५ आकडा द्या. ० म्हणजे वास नाही, ५ म्हणजे असह्य. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, वेगळ्या दिवशी पुन्हा बघा. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर आधी क्षयासाठी थुंकीची तपासणी, वास घेणं नंतर.

नाक_कान_घसा: जागा ओळखायची तर तोंड आणि नाक वेगवेगळं तपासा. नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास, मग ओठ मिटून नाकाने. फक्त तोंडातून वास आला तर जीभ, हिरड्या, क्वचित टॉन्सिलमधले खडे. फक्त नाकातून, त्यातही एकाच नाकपुडीतून आला तर सायनस. लहान मुलात नाकात अडकलेला मणी किंवा स्पंज. दोन्हीकडून सारखाच आला तर रक्तातून फुफ्फुसात येणारा वास धरा: यकृत, मूत्रपिंड, कीटोन (मधुमेहात किंवा उपासात रक्तात वाढणारे पदार्थ), औषधं. माशासारखा वास असेल तर लघवीत ट्रायमिथाइलअमाइन (तसा वास असलेलं रसायन) तपासायला पाठवा.

हिरडीवाला: तोंडातलाच ठरला की जिभेच्या मागच्या भागावरून प्लास्टिकच्या चमच्याने थर खरवडून पाच-दहा सेकंदांनी हुंगा. जिभेचं टोक तपासून उपयोग नाही, थर मागे असतो. दाढांमधून फ्लॉस फिरवून तोही हुंगा, म्हणजे गळकी कॅप किंवा अन्न अडकणारी फट सापडते. "हिरड्या वरवर ठीक" हे प्रोब (हिरडीची खोली मोजायची खुणांची सळई) फिरवल्याशिवाय लिहू नका. ४ मिलिमीटर आणि त्याहून खोल पॉकेट, म्हणजे दात-हिरडीमधली पोकळी, नोंदवा. कवळी पिशवीत बंद करून काही मिनिटांनी तपासा.

गॅस_क्रोमॅटोग्राफी: ते छोटे चेकर सोडून द्या, दारू किंवा माउथवॉशमधल्या अल्कोहोलवरही आकडा चढतो. गंधकयुक्त वायू मोजणारा हॅलिमीटर बरा, पण त्या वायूंपैकी तो प्रामुख्याने हायड्रोजन सल्फाइड पकडतो. हिरड्यांच्या आजारात वाढणारं मिथाइल मरकॅप्टन त्यात कमी दिसतं आणि डायमिथाइल सल्फाइड जवळपास सुटतंच. ओरलक्रोमा हे यंत्र तिन्ही वायू वेगळे दाखवतं.

नाक_कान_घसा: एंडोस्कोपी फक्त वासासाठी नको. अन्ननलिका एरवी मिटलेली असते, त्यामुळे पोटातला वास सहसा वर येत नाही. ढेकर, जळजळ, गिळताना त्रास असेल तरच विचार करा. वेगवेगळ्या दिवशी तपासूनही शून्यच आला आणि घरच्यांनाही वास जाणवत नसेल, तर तपासण्या वाढवू नका. शून्याची नोंद रुग्णाला दाखवा, तरीही खात्री पटत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा.