शस्त्रक्रिया वाढल्या म्हणजे मोतीबिंदू वाढला का?

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया वाढल्या, त्याअर्थी पर्यावरण बिघडून, उन्हातील अतिनील किरणांचा मारा वाढून, रोगच बळावला असावा, असा तर्क केला जातो; मला तो घाईचा वाटतो. पूर्वी मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’, म्हणजे डोळ्यातील भिंग पुरते गढूळ होईपर्यंत, शस्त्रक्रियेसाठी थांबत. १९६७ मध्ये अमेरिकी नेत्रशल्यविशारद चार्ल्स केलमन यांनी श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या, अल्ट्रासाउंड) ध्वनिलहरींनी हे भिंग फोडून शोषून घेण्याची पद्धत आणल्यावर मात्र, रात्री दिव्यांभोवती वलये दिसू लागताच, भिंग फार कठीण होण्याआधीच, शस्त्रक्रिया करणे सोयीचे झाले. आयुर्मान वाढले, हेही आहेच. अतिनील किरणांचा मुद्दा मात्र खरा आहे: अमेरिकेतील चेसापीक उपसागरावरच्या ८३८ मच्छीमारांच्या १९८८ मधील अभ्यासात या किरणांचा आयुष्यभराचा मारा दुप्पट झाल्यास भिंगाच्या बाह्यस्तरातील मोतीबिंदूचा धोका ६० टक्क्यांनी वाढलेला आढळला. भिंगाच्या गाभ्यातील मोतीबिंदूशी तसा संबंध दिसला नाही. तेथे मुख्य संशय धूम्रपानावर आहे, आणि त्याला पर्यावरण म्हणणे जरा अवघडच.