अमोनाइटच्या रंगावर पांढरट डाग: कपाटात कसा ठेवावा?

कोथरूडकर
नमस्कार. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका खनिज-प्रदर्शनातून मी मादागास्करचा एक अमोनाइट, म्हणजे प्राचीन समुद्री प्राण्याच्या वेटोळ्या कवचाचा जीवाश्म, आणला. तळहाताएवढा, घासून चकाकी आणलेला, आणि हातात फिरवला की तांबड्याचा हिरवा होणारा त्याचा रंग पाहून घरातले सगळेच हरखून गेले होते. त्याच्यासाठी प्लायवूडचे नवे, काचेच्या दाराचे कपाट करून घेतले. यंदाच्या पावसाळ्यानंतर मात्र वेटोळ्याच्या बाहेरच्या कडेला नखाएवढा भाग पिठूळ पांढरा दिसू लागला असून बोट फिरवले की तो खरखरीत लागतो. एक गोष्ट सांगायलाच हवी, ती अशी की सासूबाईंनी श्रावणात त्याला शाळिग्राम समजून दोन-तीन वेळा पंचामृताने स्नान घातले होते. हा डाग जाईल का? कॅनडाचा एखादा नमुना घेण्याचाही विचार आहे, तेव्हा त्याबद्दलही जाणकारांनी सांगावे.

दगडवेडा
आपल्या नमुन्यातला रंग बाहेरून चढलेला नाही, तो त्या प्राण्याच्या कवचाचाच आहे, आणि सगळी काळजी घ्यायची ती याच कारणासाठी. अमोनाइट हे म्हाकुळाच्या दूरच्या नात्यातले समुद्री प्राणी; सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ते नामशेष झाले. त्यांच्या कवचाचा मोतिया थर अ‍ॅरागोनाइटच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांचा असतो आणि एकावर एक रचलेल्या या पापुद्र्यांवरून परतणारे प्रकाशतरंग एकमेकांत मिसळून रंग उमटतो. पापुद्रे जाड असले तर तांबडा, पातळ असले तर निळा-जांभळा.

अ‍ॅरागोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, त्यामुळे आम्लापुढे ते टिकत नाही. पंचामृतातले दही आंबट असते. वरचे पापुद्रे एकदा खरवडले गेले की प्रकाश नीट परतत नाही, नुसता विखुरतो, आणि तो भाग पांढरट दिसतो. गंडकीच्या पात्रातला शाळिग्राम काळा, टणक असतो आणि त्यात सहसा अमोनाइटच्या वेटोळ्याचा ठसाच असतो, म्हणून त्याला वर्षानुवर्षे अभिषेक सोसतो. सासूबाईंच्या मनात होते ते वेटोळे तेच, पदार्थ मात्र वेगळा. एवढे समजावून सांगितले तर त्या नक्की ऐकतील.

माझा दुसरा संशय आपल्या कपाटावर आहे. नव्या प्लायवूडमधून आणि त्याच्या डिंकातून आम्लाची वाफ सुटत राहते, बंद काचेआड ती साठते आणि पावसाळ्यातल्या दमटपणात कवचावर काम करते. शंख-शिंपल्यांचे संग्रह अशा लाकडी खणांत खराब होतात, हे संग्रहालयांना जुने ठाऊक आहे. नमुना आजच बाहेर काढावा आणि काचेच्या किंवा धातूच्या पेटीत सिलिका जेलची पुडी घालून ठेवावा; पुडी ओलावली की बदलावी. खोबरेल चोळू नये, कारण डाग काही दिवस झाकतो आणि वर धूळ धरते. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांचा तर स्पर्शही नको. गेलेला थर परत येत नाही. उरलेला वाचवणे एवढेच आपल्या हाती आहे.

जलज
वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. कॅनडाच्या नमुन्याविषयी लिहितो.

अल्बर्टा प्रांतातल्या बेअरपॉ या खडकाच्या थरातून निघणाऱ्या, सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीच्या प्लासेंटिसेरास वंशाच्या कवचांना हा रंग येतो. त्याच्या रत्नप्रतीच्या थराला अ‍ॅमोलाइट म्हणतात. १९८१ साली त्याला रत्न म्हणून मान्यता मिळाली आणि २००४ साली ते अल्बर्टाचे अधिकृत रत्न झाले. याच वंशाचे अमोनाइट नर्मदेच्या खोऱ्यात मध्य प्रदेशातल्या बाघ गावच्या चुनखडकातही सापडले आहेत, हे वाचून मला फार आनंद झाला होता. आपल्या पुण्याच्या काळ्या कातळात मात्र ते शोधू नयेत, कारण तो लाव्हा आहे.

विकत घेताना विक्रेत्याकडे कायदेशीर निर्यातीचे कागद मागावेत. अल्बर्टातून अमोनाइट बाहेर नेण्यास तिथल्या शासनाचे प्रमाणपत्र लागते. रंगाचा थर सहसा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो, म्हणून त्यावर पारदर्शक आवरण चढवले आहे का आणि फुटलेले तुकडे जोडून त्यांच्या फटी भरल्या आहेत का, हे दहापट भिंगातून पाहावे आणि स्पष्ट विचारावे. असे केलेले असले म्हणून नमुना खोटा ठरत नाही, पण किंमत तशीच हवी.

प्रकाशाचेही सांगतो. डोक्यावरून सरळ पडणाऱ्या दिव्याखाली माझा नमुना कित्येक महिने मळकट तपकिरी दिसत होता. एकच छोटा एलईडी एका बाजूला, थोडा खालच्या अंगाला आणला आणि मागे काळे कापड लावले, तेव्हा हिरव्यामागून निळा धावत आला. हॅलोजनची उष्णता आणि दुपारचे ऊन टाळावे, कारण त्याने थर तडकून सुटू शकतो.

कोथरूडकर
दोघांचेही मनःपूर्वक आभार. अमोनाइट कपाटातून काढून काचेच्या बरणीत ठेवला आहे. सासूबाईंना भिंगातून पापुद्रे दाखवले. त्यांनी बराच वेळ न बोलता पाहिले आणि देवघरासाठी आता खरा शाळिग्राम आणायला सांगितले आहे.